तापमापक लावलाय कुठे?

मागच्या ऑक्टोबरात मुलाकडे पेनसिल्व्हेनियात होते. सत्तरी ओलांडलेल्या आईला तिकडे काम काय, तर खिडकीत बसून पानांचे रंग बघणं! पण या खेपेला मी चक्क एक मोटारसायकल दुरुस्त केली. म्हणजे हात मुलाचे काळे झाले, अक्कल माझी.

लांबच्या प्रवासाची ती भलीमोठी गाडी. समोर वारा अडवणारं फेअरिंग, त्यात गोल तबकड्या. त्यातली एक बाहेरच्या हवेचं तापमान दाखवते. दाखवते कसली, थापा मारते! बँकेच्या पाटीवर 70 अंश फॅरनहाइट (आपले 21 सेल्सिअस) असले, तर सिग्नलला थांबल्यावर हिचा काटा 95 वर. वेगात निघालं की खाली यायचा, तरी आठ-दहा अंश जास्तच.

"राहू दे की रे, हवा अंगाला कळतेच," मी म्हटलं. तर म्हणाला, "आई, थंडीत पहाटे पुलावर बर्फ धरतो." पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून गार हवा लागते, म्हणून रस्त्याच्या आधी पूल गोठतो. तशा पाट्याच असतात तिथे. काटा 40 दाखवतोय म्हणून हा निर्धास्त, आणि खरी हवा 32 वर, म्हणजे शून्य सेल्सिअस! तेही दोन चाकांवर. माझ्या पोटात गोळाच आला.

त्याने नवी तबकडी आणि नवा सेन्सर मागवून बसवला. तोही तेच बोलू लागला. तेव्हा माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. म्हटलं, "आधी बर्फात घालून बघ." शाळेत आम्ही तापमापक असाच तपासायचो. बर्फाचा चुरा, थोडं पाणी, ढवळायचं आणि थांबायचं. काटा उतरत उतरत 32 च्या रेघेशी येऊन थांबला. म्हणजे बिचारा खोटं बोलत नव्हताच!

तापमापक स्वतःचं तापमान सांगतो, एवढंच. त्याला हवेचं सांगायला लावायचं, तर त्याच्याभोवती खरी हवा खेळली पाहिजे. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती पांढरी पेटी काढली. तिरक्या पट्ट्यांच्या भिंती, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, आणि आपल्या गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे रीडिंग घेतानाही आत ऊन पडत नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर काढली मी ती.

गाडीचा सेन्सर मात्र फेअरिंगच्या आत, काळ्या प्लास्टिकमागे, इंजिनाची धग जिथे कोंडते तिथे. मुलाने त्याच्या दोन्ही वायरी हातभर वाढवल्या, सोल्डर करून नळीत बंद केल्या आणि सेन्सर खाली, इंजिनाच्या पुढे, समोरचा वारा लागेल असा बांधला. उन्हासाठी वर पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा. दुसऱ्या दिवशी फेरी मारून आला, तर काटा बँकेच्या पाटीपेक्षा फक्त दोन अंश पुढे. सिग्नलला फार वेळ थांबलं तर अजून थोडा चढतो, पण ते आता आपल्याला ठाऊक आहे.

रात्री मात्र झोप येईना. हा मुलगा नववीत माझ्याच वर्गात होता. नकाशात त्याने नर्मदा आणि तापी यांची मुखं अदलाबदल केली. त्याच चुकीला मी इतरांना अर्धा गुण दिला होता, त्याला शून्य. वर वर्गात वाचूनही दाखवलं. 'बाईंचा मुलगा' म्हणून कोणी बोट दाखवू नये, ही माझी धग. ती मी त्याची म्हणून नोंदवत राहिले. आळशी आहे, लक्ष नाही, असं वर्षभर म्हणत होते. सेन्सर माझ्याच इंजिनाला चिकटलेला!

सकाळी चहा घेताना त्याला हे सांगितलं. वाटलं, विसरला असेल. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नर्मदा भडोचला, तापी सुरतेला. त्यानंतर कधी चुकलो नाही, आई. पण तो अर्धा गुण मला हवा होता."

वाचकहो, तो अर्धा गुण आता कुठल्या वहीत लिहू?