पक्कड असताना कटर कशाला?

जालना

प्रिय बापू,


परवा फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यातून जात नाही. "आम्ही एका पकडीवर संसार केले, याला कटर कशाला पाहिजे?" तुझा पोरगा मंठ्यात वायरमनचं काम करतो, स्वतःच्या कमाईतून हत्यार घ्यायचं म्हणतो, आणि तू चार माणसांत त्याला उधळ्या ठरवलंस. हे काही बरं केलं नाहीस. केबल कटर कोणता घ्यावा, एवढंच त्याने विचारलं होतं. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुझ्या त्या वाक्यामुळे पत्र लांबणार आहे. सावकाश वाच आणि त्यालाही वाचायला दे.

वायरमनच्या हातात नवा कटर दिला की तो आधी मूठ आवळून पाहतो. एका हाताने दाबला जातो का? दुसरा हात शिडीवर असतो, नाहीतर त्या हाताने केबल धरलेली असते. दाबून सोडल्यावर स्प्रिंगने जबडा आपोआप उघडतो का, खिशात टाकताना कुलूप लागतं का, मीटरच्या पेटीत तोंड शिरतं का, हेही तो बघतो. मुठी लांब असतील तर जोर कमी लागतो, पण अरुंद पेटीत तेच हत्यार अडतं. म्हणून रोजच्या कामाला साधारण 160 ते 200 मिलिमीटर लांबीचा कटर वायरमनला आवडतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे तळहात घामाने निथळतात, तेव्हा मुठीच्या वरच्या टोकाला उंचवटा आहे की नाही, यावर बोटं पात्याकडे सरकणार की नाही हे ठरतं. पोराने हे सगळं फोनवर सांगितलं. तू मागून बोलत होतास, म्हणून ऐकलं नसशील.

आता पकडीचं. पकडीच्या धारा समोरासमोर येऊन तार चिमटतात. एकेरी तारेला ते चालतं. जाड केबल मात्र आधी चेपते आणि मग तुटते. टोक चपटं होतं, बारीक तारा फाकतात. केबल कटरची पाती वाकडी असतात, केबलला कवेत घेतात आणि कात्रीसारखी एकमेकांना घासून सरकतात. टोक गोल राहतं, सगळ्या तारा एका पातळीत कापल्या जातात, आणि तेच टोक लगमध्ये, म्हणजे तारेवर दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत, विनासायास बसतं.

माझं जुनं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक: मोटारीचं मरण पुष्कळदा टोकाला असतं. आपल्याकडे मोटार जळाली की माणसं व्होल्टेजला शिव्या देतात, डीपीला म्हणजे ट्रान्सफॉर्मरला देतात. स्टार्टरचं झाकण उघडून काळवंडलेला लग कोण बघतं? चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरीत साधारण 56 बारीक तारा असतात. सोलताना, कापताना त्यांतल्या सात गेल्या तर तिथे आठवा हिस्सा तांबं कमी झालं. उरलेल्या तारा फाकलेल्या, म्हणून लग नीट दाबला गेला नाही. त्या सैल जागी उष्णता वाढते, आणि ती करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहापट करंट ओढत असेल, तर त्या क्षणी त्या टोकाला छत्तीसपट उष्णता. दिवसातून किती वेळा लाइन जाते-येते, ते तू सांग. ॲल्युमिनियम असेल तर आणखी वाईट, कारण त्याच्यावर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. कपाशीला पाणी द्यायच्या दिवसांत मोटार वाइंडिंगला गेली की शेतकऱ्याचं काय होतं, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. तेव्हा टोक नीट कापण्याला चैन म्हणू नकोस.

पकडीची तुला एवढी माया आहे तर तिच्याच घराण्यातली एक गोष्ट सांगतो. 1857 साली शिकागोत मथायस क्लाइन नावाच्या कारागिराकडे तारायंत्राच्या लाइनवर काम करणारा एक माणूस तुटलेली पक्कड घेऊन आला. क्लाइनने तुटलेला अर्धा भाग नव्याने घडवला आणि जुन्या अर्ध्याला रिव्हेट मारून जोडला. पुढे तो जुना अर्धाही तुटला, माणूस परत आला, आणि अख्खी पक्कड क्लाइनच्या हातची झाली. त्यातून उभी राहिलेली कंपनी आजही विजेच्या कामाची हत्यारं बनवते. वापरणाऱ्याने तक्रार घेऊन परत यावं आणि घडवणाऱ्याने ती ऐकावी, अशीच हत्यारं सुधारत गेली. आपल्या नाशिकची टपारियाची पक्कड तू इतकी वर्षं वापरलीस ती चांगली म्हणूनच. पण तिच्याने तू तार कापलीस, खिळे उपटलेस, नट आवळलेस, एकदा तर तिचा हातोडा केलास. ती सवय पोराच्या कटरला लागू देऊ नकोस.

कारण कटरची पाती तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यासाठीच असतात. खांबावरच्या एसीएसआर तारेच्या पोटात पोलादी तार असते, अर्थिंगला जीआयची तार येते, आर्मर्ड केबलला पोलादी कवच असतं. यांतलं काहीही एकदा तोंडात घातलं की धारेला खाच पडते, आणि पुढची प्रत्येक केबल त्या खाचेत अडकते. कवच करवतीने कापावं. जिनिंगमधलं 70, 95 चौरस मिलिमीटरचं काम मिळालं तर रॅचेटचा कटर वेगळा. तो थोडं थोडं दाबत पुढे सरकतो, आणि अर्ध्यात अडकला तर सोडवायची कळ असते. ती कळ दुकानातच चालवून बघायला सांग.

आता ज्यामुळे झोप लागली नाही ते लिहितो. पोरगा म्हणाला, कटरच्या मुठी लाल प्लास्टिकच्या आहेत, म्हणजे शॉक लागणार नाही. बापू, हे त्याला कोणी शिकवलं? बुडवून चढवलेलं प्लास्टिक पकड चांगली यावी म्हणून असतं, विजेपासून वाचवायला नाही. खरोखर इन्सुलेटेड असलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं कोरलेलं असतं. आयईसी 60900 या मानकाप्रमाणे त्या हत्याराची 10,000 व्होल्टला चाचणी होते. काही कंपन्या वरचा थर एका रंगाचा आणि आतला दुसऱ्या रंगाचा ठेवतात. आतला रंग दिसला की ते हत्यार बाद. वर इन्सुलेशन टेप गुंडाळून ते पुन्हा चांगलं होत नाही.

आणि ती खूण असली तरी चालू केबल कापायची मुभा मिळत नाही. तीन कोअरची चालू केबल एका दाबात कापली की पातं दोन फेजना जोडतं. शॉर्ट होतो, डोळ्यांसमोर जाळ उठतो, पातं वितळतं. मूठ इन्सुलेटेड आहे म्हणून चेहरा वाचत नाही.

लाइन गेली होती म्हणून कापली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. शेतीची लाइन पाळीपाळीने, कधी रात्री येते. शेजारच्या इन्व्हर्टरमधून उलटी वीज येऊ शकते. म्हणून टेस्टर आधी चालू जागी लावून बघायचा, मग कापायच्या तारेला, मग पुन्हा चालू जागी. आता सौर पंपही आले आहेत. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना 2024 मध्ये आली, आणि पोराला ती कामं मिळतात याचा आनंदच आहे. पण ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलमधून काही शे व्होल्ट डीसी येतं. आपली नेहमीची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्याला टेकते, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव असतो. डीसी शून्याला येतच नाही. तार तोडताना लागलेला जाळ तसाच ताणला जातो. आधी आयसोलेटर बंद, मग मीटरने खात्री, मगच कटर. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो "हो काका" म्हणाला, पण फार पटकन म्हणाला.

मला पोराच्या जिवाची धास्ती वाटते. म्हणून तुझ्यावर रागावलो. दोन त्रिकोणांची खूण असलेला कटर त्याला घेऊ दे; पैसे कमी पडले तर मला कळव, उधारी करू देऊ नकोस.

आणि तुझ्या स्वतःच्या विहिरीवरचा ऑटो स्विच. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, म्हणून तुला तो सोयीचा वाटतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर भार येतो. मला काळजी वेगळीच आहे. पोरगा विहिरीवर केबल हातात घेऊन बसलेला असताना लाइन आली, तर स्टार्टर त्याला विचारणार नाही. तो ऑटो या आठवड्यात काढून टाक आणि काढल्यावर फोन कर.

तुझा,
दादा