यंत्राआधी टेबल: सीएनसी राउटर, चौथीचा वर्ग आणि 'ष'ची रेघ



शाळेला एखादं यंत्र भेट मिळालं की आपण सगळे पहिल्यांदा विचारतो, "हे काय काय करतं?" दुसरा प्रश्न, "चालवणार कोण?" ते ठेवायचं कशावर, आणि ज्या लाकडावर काम करायचं ते धरून कसं ठेवायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे. कारण कोथरूडमधल्या आमच्या छोट्या शाळेत मागच्या वर्षी सगळ्यात जास्त शिकणं झालं ते यंत्रामुळे नाही, त्याच्या टेबलामुळे.

मी डी.एड. झालेली, चौथीच्या वर्गाची शिक्षिका. मशीनचं शिक्षण मला नाही. एका माजी पालकांनी त्यांचा छोटा सीएनसी राउटर शाळेला दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राउटर म्हणजे लाकडात खाच कोरणारं, मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं पातं. सीएनसी म्हणजे ते पातं हाताने न फिरवता कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांप्रमाणे डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली फिरतं. अशा आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचं पहिलं प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत झालं. आज कर्वे रोड-पौड रोडच्या आसपास फर्निचरची कामं करणारे कित्येक जण देवघराच्या जाळ्या आणि दरवाजावरची नक्षी याच यंत्रावर काढून घेतात.

आमच्या यंत्राला टेबल नव्हतं. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सुरक्षित व्यवस्था झाली तर ठेवू. नाहीतर परत करू. मुलांच्या शाळेत धोका नको." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

आम्हाला ते कशासाठी हवं होतं?

पहिलीच्या वर्गासाठी कोरीव अक्षरपाट्या. लाकडात अक्षराची खाच असते, मूल त्यातून बोट फिरवतं आणि वळण हाताला कळतं. ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत स्थानिक वस्तूंतूनच साधनं उभी केली, हे आपण डी.एड.ला वाचलेलंच असतं. आमच्या पहिलीत दोन मुलांना 'प' आणि 'ष', 'व' आणि 'ब' यांत सारखा गोंधळ होत होता. त्यातल्या एकीची दृष्टी अधू आहे. तिला फळ्यावरची तिरकी रेघ दिसतच नाही. तिच्यासाठी बोट हाच डोळा.

आता गंमत बघा. खाच १ मिलिमीटर खोल कोरायची आहे. पातं सरळ रेषेत जातंय. पण ज्या फळीवर पाटी ठेवली तीच एका बाजूला १ मिलिमीटरने खाली उतरलेली असेल तर? एका टोकाला खाच १ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला शून्य. म्हणजे 'ष'ची तिरकी रेघ अर्धवट पुसली जाणार आणि त्या मुलीच्या बोटाला तो 'प'च लागणार! टेबलाची सपाटी हा आमच्याकडे थेट वाचनाचा प्रश्न झाला होता.

सुतारकाकांचा पहिला धडा

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सुतारकाम करतात. याआधी ते शाळेत आले ते मुलाच्या अपूर्ण वह्यांबद्दल ऐकून घ्यायला. यावेळी मी त्यांना मदत मागायला बोलावलं. त्यांनी यंत्राकडे फार पाहिलं नाही. म्हणाले, "मॅडम, आमच्या उस्तादांनी आधी सहा महिने लाकूड धरायला शिकवलं, मग करवत हातात दिली. हाताने ढकलून जे लाकूड हलतं, ते मशीन फेकून देणार."

मग त्यांनी वर्गात पातं दाखवलं, अर्थात यंत्रातून काढून. त्यावर ड्रिलसारखे पीळ असतात. हे पीळ भुसा वर काढतात आणि त्यासोबत लाकडालाही वर ओढतात. पातं पुढे सरकतं तेव्हा बाजूलाही ढकलतं. म्हणजे लाकूड दोन प्रकारे धरायला हवं: बाजूला सरकू नये म्हणून अडणी आणि वर उचललं जाऊ नये म्हणून दाब.

किती ठिकाणी टेकवायचं, यालाही नियम आहे. कारखान्यांत त्याला तीन-दोन-एक म्हणतात. खाली तीन टेकू, लांब बाजूला दोन, आडव्या बाजूला एक. मी मुलांना विचारलं, "चुलीला तीनच दगड का? तिवई डुगडुगत नाही, पण चार पायांचं स्टूल का डुगडुगतं?" मुलांनी घरी जाऊन स्टुलं हलवून पाहिली. तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते, हा भूमितीचा धडा कुठल्याही पाठाशिवाय झाला.

टेबल कसं ठरलं

सांगाडा: लोखंडी चौकोनी पाइपचा, फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेला. पायांना तिरके आधार दिले, कारण चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. हे मुलांनी आइस्क्रीमच्या काड्या आणि टाचण्या घेऊन आधीच सिद्ध केलं होतं. खालच्या फळीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवले. टेबल जड असेल तर थरथर कमी होते आणि कोरलेली कड स्वच्छ येते. पायांखाली फिरवून उंची बदलणारे बोल्ट बसवले, कारण शाळेची फरशी कुठे समपातळीत असते?

उंची: ७५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या शिक्षकांच्या टेबलाएवढी. मोठं माणूस खुर्चीवर बसून यंत्र चालवतं आणि मुलांना स्टुलावर न चढता बाहेरून दिसतं. चारही बाजूंनी जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावले आणि बंद करण्याचं लाल बटण समोर, हाताशी ठेवलं.

वरची फळी: १८ मिलिमीटरची एमडीएफ. ही फळी 'बळी जाण्यासाठी'च असते. पातं आरपार गेलं तर ते टेबलात न घुसता या फळीत घुसतं. ती बसवल्यावर यंत्राला रुंद पातं लावून तिच्यावरून अर्धा मिलिमीटर थर काढायचा. म्हणजे यंत्र ज्या पातळीत फिरतं, नेमकी त्याच पातळीची फळी तयार होते. रंधा मारल्यासारखंच, फक्त रंधा इथे यंत्र मारतं. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगते, म्हणून तिच्या कडांना प्रायमर लावला आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा थर काढायचा हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

काटकोन: यंत्राची कामाची जागा ६०० गुणिले ८०० मिलिमीटर. यंत्राकडूनच चार कोपऱ्यांत चार ठिपके पाडून घेतले. मग मुलांनी टेप लावून दोन्ही कर्ण मोजले. काम गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण सारखे आणि बरोबर १००० मिलिमीटर यायला हवेत. ३-४-५ चा त्रिकोणच तो, दोनशेपट! सुतारकाका शाळेत फार शिकलेले नाहीत, पण खोलीचा काटकोन ते तीन फूट, चार फूट, पाच फूट असाच काढतात. त्यांचा मुलगा त्या दिवशी वर्गात उभा राहून हे समजावून सांगत होता. त्याचं वाचन अजून अडखळत आहे, ते एका दिवसात सुधारत नाही. पण वर्गाने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं आणि त्याच्या वडिलांकडेही.

धरण्याचे उपाय: आम्ही काय निवडलं, काय सोडलं

हवा ओढून घेणारं टेबल आम्ही विचारात घेतलं होतं. खालून हवा काढली की वातावरणाचा दाब पाटीला दाबून धरतो. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो, पुण्यात उंचीमुळे थोडा कमी. १५ गुणिले २० सेंटिमीटरच्या पाटीला हिशोबाने जवळपास ३०० किलो! पण घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्याच्या पाचव्या भागाएवढंच ओढतो. २ गुणिले २ सेंटिमीटरच्या ठोकळ्याला तर किलोभरही जोर मिळणार नाही. शिवाय आवाज. आम्ही ते सोडलं.

दुहेरी टेप पातळ तुकड्यांसाठी चांगली, पण दरवेळी नवीन लागते. सी-क्लॅम्प मजबूत, पण पातं त्याला धडकण्याची भीती. शेवटी सुतारकाकांची जुनी युक्ती घेतली. फळीत ठरावीक अंतरावर नट बसवले, त्यांत बोल्टने लाकडी पट्ट्या घट्ट केल्या आणि बाजूने पाचर ठोकली. पट्टीची कड किंचित आत झुकती कापली की ती पाटीला बाजूने दाबते आणि खालीही बसवते. पट्ट्या लाकडाच्या असल्याने पातं चुकून लागलं तरी नुकसान पट्टीचं.

एका वेळी किती पाट्या मावतील? हे गणित मुलांना दिलं. पाटी १५० गुणिले २०० मिलिमीटर. बहुतेकांनी उत्तर दिलं १६. बरोबर आहे, पण पट्ट्यांना जागा? मग कुणीतरी कागदाचे तुकडे मांडून दाखवलं: ४ पाट्यांच्या ३ ओळी, ८०० मधून ६०० गेले, उरले २००. तीन ओळींना वर, खाली आणि मधे मिळून ४ फटी, प्रत्येकी ५० मिलिमीटर. म्हणजे १२ पाट्या. 'मावतात' आणि 'धरता येतात' यातला फरक हा असा.

'पण चौथीला याची गरज काय?'

हा प्रश्न पालकसभेत आला, आणि तो रास्त आहे. अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी असतात. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मधले दप्तराविना दहा दिवस, ज्यात मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याकडून शिकावं असं म्हटलंय, तेही सहावी ते आठवीसाठी. मी उत्तर दिलं की यंत्र चालवायची गरज चौथीला नाहीच. मोजायची, मांडायची, 'हे हलेल का?' विचारायची गरज मात्र आहे.

याचा पाया आपल्याच राज्यात आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि करून शिकणं हीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत मानली. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅब कल्पनेतली अगदी सुरुवातीची एक प्रयोगशाळा २००२ मध्ये याच पाबळला उभी राहिली. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर आणि लाकूड कापणारा सीएनसी राउटर ही अशा लॅबची नेहमीची यंत्रं. खेड्यातली मुलं ती हाताळू शकतात, तर कोथरूडच्या मुलांनी किमान त्याचं टेबल मोजायला काय हरकत आहे?

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, अटींसह. यंत्र फक्त मोठी माणसं चालवतील. चालू असताना मुलं पिवळ्या रेघेबाहेर. एमडीएफचा भुसा बारीक असतो, म्हणून मास्क आणि भुसा ओढणारा पाइप सक्तीचा. यंत्र चालवणारा प्रत्येक वेळी आधी पाटी हाताने ढकलून बघेल, हलली तर काम थांबेल. हा शेवटचा नियम मुलांनी सुचवला.

पहिल्या १२ पाट्या पहिलीत गेल्या. त्या मुलीने 'ष'वर बोट फिरवलं, थांबली, परत फिरवलं आणि म्हणाली, "बाई, याच्या पोटात रेघ आहे." सगळी अक्षरं अजून तिला येत नाहीत. पण 'प' आणि 'ष' आता तिचे पक्के झालेत.

तुमच्या शाळेत असं यंत्र येणार असेल तर एवढंच सुचवेन: खरेदीच्या यादीत टेबल आणि धरण्याची व्यवस्था पहिल्या ओळीत लिहा, शेवटी 'इतर खर्च' म्हणून नको. आणि ते ठरवण्याआधी पटावर नजर टाका. कुणाचे तरी बाबा सुतार, वेल्डर, फिटर असतीलच. त्यांना शाळेत बोलवा, यावेळी तक्रार सांगायला नव्हे, शिकवायला.