मुलाण्यांच्या घरचा अकिका

लोणी भापकरच्या शाळेत मी मास्तर असतानाची ही हकीकत. आमच्या शेजारच्या मुलाण्यांच्या घरी नातू झाला आणि सातव्या दिवशी अकिका, म्हणजे बोकड कापून बाळाचे नाव ठेवण्याचा विधी, असल्याचे आवतण, सारा गाव ज्यांना चाचा म्हणे ते म्हातारे मुलाणी स्वतः येऊन देऊन गेले. "मास्तर, तुम्ही जेवणार नाही हे ठाऊक आहे, पण नाव ठेवायला आलंच पाहिजे," असे त्यांनी दारातूनच बजावले. जत्रेखेत्रेला गावातल्या कोणाच्याही बोकडावर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवण्याचे काम बलुत्याच्या नात्याने ज्या घराकडे वंशपरंपरा चालत आले होते, त्या घरच्या अंगणात आज स्वतःचे दोन बोकड बांधले होते. मुलगी झाली असती तर एकच लागला असता.

आपल्याकडे बारशाला आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात त्याचेच नाव सांगते. येथे मात्र मूल जन्मताच त्याला न्हाऊमाखू घालून चाचांनी त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हटली होती, व चावून मऊ केलेला खजुराचा कण टाळूला लावला होता. ज्याला स्वतःचे नाव अद्याप मिळालेले नाही त्याच्या कानी आधी ईश्वराचे नाव पडावे, ही योजना मला तरी अधिक विचारपूर्वक केलेली वाटते; आमच्या आत्याबाई मला क्षमा करोत.

नावावरून मात्र घरात मतभेद होता. मुंबईस गिरणीत असलेल्या बापाला अब्दुर्रहमान हवे होते, आणि आजीने सुप्याच्या शाहमन्सूर दर्ग्याला नवस केला असल्यामुळे तिला मन्सूरवाचून दुसरे नाव ऐकायचे नव्हते. जिबह करताना, म्हणजे बोकडावर सुरी फिरवताना, म्हणावयाच्या दुव्यात बाळाचे नाव घ्यावे लागते, तेव्हा वाद मिटेपर्यंत सुरी हातात घेऊन चाचा उभेच! बारामतीहून आलेले मौलवी शांतपणे म्हणाले, की अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही नावे अल्लाला सर्वांत प्रिय आहेत खरी, परंतु नावाचा अर्थ चांगला असावा हे मुख्य. हजरत अलींनी थोरल्या मुलाचे नाव 'हर्ब', म्हणजे युद्ध, ठेवले असता पैगंबरांनी ते बदलून 'हसन', म्हणजे सुंदर, केले. मन्सूर म्हणजे ज्याला ईश्वराचे साहाय्य लाभले तो. या नावाला त्यांची हरकत नव्हती, मूल पिराने दिले या समजुतीला होती. आजीने पहिला भाग तेवढा ऐकला.

मला त्या वेळी मालोजीराजे भोसले आठवले. पुढे सुपे परगणा ज्यांच्या जहागिरीत आला त्या मालोजींनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने झालेल्या पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजांचे पुत्र कोण, हे सांगण्याची गरज नाही. मुलाण्यांची आजी काही नवे करीत नव्हती.

एकीकडे दुवा चालू असतानाच न्हाव्याने मामूच्या मांडीवरील बाळाचे जावळ काढले. सोनाराकडून मागून आणलेल्या काट्याच्या एका पारड्यात ते काळेभोर, किंचित ओलसर केस, आणि दुसऱ्यात गुंजा टाकीत सोनाराचा मुलगा डोळे बारीक करून बसला होता. हजरत फातिमांनी आपल्या मुलांच्या जावळाइतकी चांदी दान केली, तीच ही रीत. भार थोड्याच गुंजांचा भरला. पण एवढ्यावर सुटणे चाचांना रुचेना, आणि त्यांनी सबंध रुपया काढून दारच्या एका विधवेच्या पदरात टाकला. "मूल आपल्या अकिक्यापाशी गहाण असतं," असे मौलवींनी हदिसाच्या आधारे सांगितले, तेव्हा आमच्या जिराईत मुलखातल्या कुणब्यांना त्याचे विवरण करून सांगावे लागले नाही. गहाण आणि फेड यांच्याशी त्यांचा परिचय चांगलाच दृढ होता.

मटणाचे तीन वाटे झाले: घरचा, सोयऱ्या-शेजाऱ्यांचा आणि गोरगरिबांचा. आम्हा न खाणाऱ्यांच्या घरी तांदूळ, डाळ आणि गुळाचा कोरडा शिधा गेला. अकिक्याचे मटण आईबापांनी व आजीआजोबांनी खाऊ नये, असा एक समज आहे. त्याला शरियतीत आधार नाही, तुम्ही खुशाल खा, असे मौलवींनी पंगतीत दोनदा सांगितले. चाचा जेवले. आजीने मात्र भाकरी चटणीशी खाल्ली, आणि मौलवींना आणखी रस्सा वाढायला सुनेला सांगितले.