चांदीच्या दुधाचा साबण

मुलांनो, सकाळी आंघोळीला बसलं की तुम्ही साबणाची वडी हातात घेता, दोन-चारदा अंगावरून फिरवता आणि परत डबीत ठेवून देता. ती वडी कशाची केली, कुणी केली, असा प्रश्न तुम्हांला कधी पडलाय का? खरं सांगू? मलाही पडला नव्हता. पण मागच्या दिवाळीनंतर चार दिवस मी बीड जिल्ह्यात मावशीच्या शेतावर राहून आलो. आता साबण हातात घेतला की मला आधी एक काळीभोर शेळी आठवते. तिची गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे.

बीड शहरातून निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून वर आलं की बालाघाटाचं पठार. मुरमाड जमीन, मधूनच बोडके डोंगर, बांधाबांधाला सीताफळाची झाडं. मावशीचं शेत पाटोदा तालुक्यात आहे. याच तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. पुढे ती लातूर, कर्नाटक, तेलंगण असा मोठा वळसा घेऊन गोदावरीला मिळते. इथे मात्र ती एवढीशी, की तुम्ही उडी मारून पलीकडे जाल!

एस.टी.तून जाताना रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर येत होते. एकामागे एक. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, हंडे, गोधड्या, कोंबड्यांचं डालगं, दोरीनं बांधलेली शेळी आणि या सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती. एक मुलगी आमच्या गाडीकडे बघून हात हलवत होती.

मी शेजारच्या आजोबांना विचारलं, "हे सगळे कुठं निघाले?"

"कारखान्याला जायलेत की! ऊस तोडायला. आता येतील पाडव्याच्या आगंमागं."

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर अशी घराबाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडतात आणि पाच-सहा महिन्यांनी परत येतात. इथे पाऊस बेभरवशाचा. विहिरी लवकर आटतात. मग घर कसं चालायचं? मुकादम आधीच पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. उचल घेतली की जावंच लागतं. ज्यांना घरी आजी-आजोबा असतात ती मुलं मागे राहतात. बाकीच्यांची शाळा ट्रॉलीत बसते आणि उसाच्या फडात हरवून जाते.

मावशीच्या घरचीही हीच गोष्ट होती. दादा आणि वहिनी सात हंगाम ऊसतोडीला गेले. पण आता वहिनी जात नाही. का जात नाही? तीच तर गंमत आहे!

मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावशी ओसरीत तूर निवडत बसली होती.

"आलास का लेकरा? कामून इतका उशीर? बस, पाणी पी."

तेवढ्यात काहीतरी माझ्या पिशवीला हिसके देऊ लागलं. वळून बघतो तर एक शेळी! काळी कुळकुळीत, लांब लोंबते कान, आणि एका कानावर पांढरा ठिपका. माझ्या पिशवीतल्या केळ्यांचा वास तिला लागला होता.

"चांदे, सोड!" आतून तायडी धावत आली. तायडी म्हणजे दादाची मुलगी, सातवीत आहे. तिचं शाळेतलं नाव वेगळं, पण घरात तिला सगळे तायडीच म्हणतात.

चांदी ही उस्मानाबादी जातीची शेळी. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होतं, त्यावरून हे नाव पडलं. ही जात मराठवाड्याच्या उन्हाला, दुष्काळाला चांगली टिकते. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, सुबाभूळ, तुरीचं भुसकट, जे मिळेल त्यावर भागवते. मागच्या दोन पायांवर उभी राहून फांदी ओढायची तर तिला भारी हौस! साधारण पाच महिन्यांनी विते आणि पुष्कळदा जुळी करडं देते. मावशीकडे अशा अकरा शेळ्या आहेत, एक लाल कंधारी गाय आहे आणि डझनभर गावठी कोंबड्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच मला जाग आली. करडांनी एकच गलका केला होता. तायडी शाळेच्या आधी तासभर गोठ्यात असते. ती आधी करडांना पिऊ देते, मग वहिनी धार काढते. चांदीचं उरलेलं दूध अर्धा-पाऊण लिटर भरतं. तायडी तोवर लेंड्या झाडून उकिरड्यात टाकते. ते लेंडीखत उन्हाळ्यात शेतात जातं. ओसरीतल्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर लाल खुणा आहेत: कुठली शेळी कधी विणार, आंत्रविषाराची लस कधी, पीपीआरची कधी. एकदा लस चुकली आणि आठवड्यात चार शेळ्या गेल्या, तेव्हापासून ही वही आणि हे कॅलेंडर तायडीकडे आहे.

"एवढ्या दुधाचा चहा करता?" मी विचारलं.

वहिनी हसली. "थोडा चहा. बाकी आंघोळीला!"

मला वाटलं, थट्टा करते. पण तिनं फ्रीज उघडून दाखवला. बर्फाच्या साच्यात दुधाचे पांढरे खडे गोठलेले होते. हाच साबणाचा कच्चा माल!

साबण कसा होतो, माहीत आहे? तेलात खार मिसळला की दोघांची रासायनिक क्रिया होते, आणि तेलही राहत नाही, खारही राहत नाही. तयार होतो साबण आणि ग्लिसरीन. पूर्वी हा खार लाकडाच्या राखेतून काढत. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोला लेब्लां यानं साध्या मिठापासून धुण्याचा सोडा बनवायच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि पुढे साबण स्वस्त होत गेला. तेलाच्या पोटात नेमकं काय असतं, ते शेव्हरूल या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२३ मध्ये उलगडून सांगितलं. आणि आपला 'साबण' हा शब्द? तो अरबी 'साबून'चा भाऊ आहे.

मावशी मध्येच म्हणाली, "आमच्या टायमाला कुठला साबण रं? डोक्याला रिठा नाहीतर शिकेकाई, भांड्याला राख. बहात्तरच्या दुष्काळात तर प्यायलाच पाणी नव्हतं. मी एवढीशी होते. आई खडी फोडायला जायची, अन् आम्ही मिलोच्या लाल भाकरी खायचो."

वहिनी साबण शिकली ती गावातल्या बायकांच्या बचत गटात. विकायचा साबण बनवायला परवाना लागतो, तो गटाच्या नावावर आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातही काही गावांतल्या बायका उस्मानाबादी शेळीच्या दुधाचा साबण करतात.

त्या दिवशी वहिनीनं माझ्यासमोर एक छोटा घाणा केला. आधी तिनं रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला आणि दार-खिडक्या उघडल्या. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही उंबऱ्याच्या अलीकडं येऊ नका." कारण खार म्हणून ती कॉस्टिक सोडा वापरते. तो कातडीवर पडला तर भाजतं, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. तायडीला या खोलीत यायची परवानगीच नाही. तिचं काम बाहेर, वही-पेन्सिल घेऊन. म्हणून मुलांनो, हा साबण घरी करून बघायचा नाही, कळलं ना?

तायडीचं गणित बघा. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. करडईच्या तेलाला सुमारे १३७, आणि एरंडेलाला १२८. वहिनीनं घेतलं होतं ५०० ग्रॅम खोबरेल, ४०० ग्रॅम करडई आणि १०० ग्रॅम एरंडेल. तर सोडा किती? तायडीनं पाच मिनिटांत सांगितलं, "१५९ ग्रॅम. त्यातून पाच टक्के वजा. १५१!"

"वजा कशाला?" मी विचारलं.

"थोडं तेल शिल्लक राहिलं पाहिजे ना मामा! सोडा शिल्लक राहिला तर अंग भाजंल."

मग वहिनीनं गोठलेल्या दुधात सोडा चिमूट चिमूट सोडला. सोडा विरघळताना भांडं एवढं तापतं, की साधं दूध घेतलं तर ते करपून नारिंगी होतं आणि घाण वास सुटतो. म्हणून आधी बर्फ करायचा. मग ते दूध तेलात ओतून ती ढवळत राहिली. हळूहळू मिश्रण पिठल्यासारखं दाट झालं. ते साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या आणि फळीवर मांडल्या.

मी एक वडी उचलायला गेलो, तर तायडी ओरडली, "मामा, हात लावू नका! अजून कच्चाय."

वड्या पाच आठवडे फळीवर सुकतात. प्रत्येक रांगेसमोर तारखेची चिठ्ठी असते. पाच आठवडे झाले की वहिनी पीएच कागदानं तपासते, आणि मगच वड्या बाजारात जातात.

"एवढी कडक शिस्त?" मी म्हटलं. तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. मग वहिनीनंच सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गटाला पहिल्यांदाच मोठी मागणी आली होती. वहिनीनं पाच किलो तेलाचा घाणा केला. तेल घाईनं दुकानातून आणलं, एक-एक लिटरच्या पिशव्या. पाच पिशव्या म्हणजे पाच किलो, असं धरलं. साठ-पासष्ट वड्या झाल्या. पाच आठवड्यांनी त्यातल्या बावीस आठवडी बाजारात विकल्या. दोन दिवसांनी एक बाई आली. तिचे हात लाल झाले होते, खाजत होते.

चूक कुठं झाली ते कुणालाच कळेना. सोडा बरोबर मोजला होता. गणितही बरोबर होतं. तायडी रिकामी पिशवी हातात घेऊन वाचत बसली आणि एकदम म्हणाली, "आई, हिच्यावर तर ९१० ग्रॅम लिहिलंय!"

मुलांनो, आलं का लक्षात? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर पाणी एक किलो भरतं, पण एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पाच पिशव्यांत जवळजवळ साडेचारशे ग्रॅम तेल कमी पडलं होतं, आणि त्यामुळे थोडा सोडा साबणात तसाच राहिला होता.

नेमके त्याच आठवड्यात मुकादम दारात येऊन बसला होता. उचल घ्या म्हणत होता. मावशी वहिनीला म्हणाली, "उरलेल्या वड्या पुरून टाक. विकलेल्या गेल्या, जाऊ दे. कुणाला कळतंय?" चिडून नाही, काळजीनं. घरात पैसा नव्हता.

वहिनी पुढच्या बाजारी गेली. जागेवर सतरंजी टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "मागच्या बाजारी साबण नेला असंल तर परत द्या, पैसे घ्या. वापरू नका." बावीसपैकी एकोणीस वड्या परत आल्या. खोकं भरलं, पिशवी रिकामी झाली. घरी येऊन दादानं एक बोकड विकला. मुकादमाला वहिनीनं सांगितलं, "औंदा एकटे हेच येतील. मी नाही."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. पण मी गेले असते तर हिची शाळा अन् शेळ्या दोन्ही म्हातारीच्या जिवावर. अन् लोकांना वाटलं असतं, साबण बिघडला म्हणून पळाली."

पुढच्या घाण्याला गिऱ्हाईक मिळायला दोन महिने लागले. पहिली वडी कुणी घेतली असेल? हात लाल झालेल्या त्याच बाईनं!

साबणानं त्यांचं घर श्रीमंत झालेलं नाही, हे मी तुम्हांला खरंच सांगतो. दादा अजून ऊसतोडीला जातो. मी होतो त्याच आठवड्यात तो निघाला. तायडी वेशीपर्यंत गेली होती. परत आल्यावर ती काही बोलली नाही. चांदीच्या गळ्याला हात टाकून थोडा वेळ बसली, मग वही काढून त्या दिवशीची तारीख नव्या वड्यांसमोर लावली.

निघताना मावशीनं मला सीताफळं दिली आणि तायडीनं एक वडी दिली. कागदावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तारखेआधी वापरू नये.' मी तारीख बघितली. तीन आठवडे बाकी होते. तुम्हांला सांगतो, मी ते तीन आठवडे थांबलो!

आता तुम्ही एक करा. स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी घ्या आणि तिच्यावर लिटरसमोर किती ग्रॅम छापलंय ते वाचा. मग आजीला विचारा, तिच्या लहानपणी अंगाला आणि केसांना काय लावायचे. जमलं तर दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. वही कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही!