पाठराखीण

नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण आता फारशी दिसत नाही. आमच्या घराण्यात हा मान बहुधा धाकट्या आत्याकडे जाई. तिचे काम म्हटले तर काहीच नसे. परक्या घरात नवरीने बावरू नये, भलत्याच माणसांच्या तावडीत सापडू नये आणि ती रुळली की आपण मुकाट्याने परत यावे, एवढेच!

जीवशास्त्राची पुस्तके चाळताना ही आत्या मला अवचित भेटली. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिने सारखी तयार होत असतात. प्रथिन जन्मते ते लांबलचक साखळीच्या रूपात. तिची ठरावीक घडी बसली तरच ते कामाचे. तोवरचा काळ मोठा नाजूक. उघडी साखळी शेजारणीला चिकटते आणि गुंता होतो. तो होऊ नये म्हणून काही प्रथिने नुसती सोबत करतात आणि घडी बसली की बाजूला होतात. त्यांना इंग्रजीत शॅपेरोन म्हणतात. १९७८ साली रॉन लास्की यांनी एका प्रथिनापुरता हा शब्द योजला. पुढे तो साऱ्या जमातीला चिकटला. आपल्याकडे त्यासाठी शब्द घडवायला नको, पाठराखीण तयारच आहे.

या मंडळींचा सुगावा लागला तो एका घोटाळ्यातून. फेरुच्चो रितोस्सा हे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. कोणा सहकाऱ्याने उबवणीच्या पेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोस्सा पाहतात तो गुणसूत्रांवर नेहमीच्या जागा सोडून भलतीकडेच फुगवटे! चटका बसताच पेशीने हातातली कामे टाकून वेगळीच कामे काढली होती. एका मान्यवर नियतकालिकाने हा शोध परत पाठवला. १९६२ साली तो दुसरीकडे छापून आला. (साभार परत आलेल्या लिखाणाचे दुःख जाणणाऱ्यांना ही हकीकत विशेष गोड वाटेल.) चटक्यासरशी तयार होणारी ती प्रथिने १९७४ साली हाती लागली, आणि त्यांतली बरीचशी पाठराखिणीच निघाली.

मी हे सारे वाचत बसलो त्याला कारण आहे. माझ्या एका मित्राच्या आईला हंटिंग्टनचा रोग होता. हातपाय आपल्या मनाविरुद्ध नाचू लागतात, पुढे बुद्धी आणि स्वभावही बदलतो. जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकन डॉक्टर लहानपणी वडिलांच्या गाडीतून त्यांच्या रोग्यांकडे जात असे. लाँग आयलंडच्या एका रस्त्यावर त्याला दोन बायका दिसल्या, मायलेकी, दोघीही वेड्यावाकड्या झुलत चाललेल्या. ते दृश्य तो विसरला नाही. १८७२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने या रोगाचे वर्णन लिहिले. रोग्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा. १९९३ साली दोष नेमका सापडला: चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ती ४० किंवा अधिक वेळा आली, तर पुरते आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग चुकत नाही.

पण मला चक्रावून सोडते ते निराळेच. दोष जन्माआधीपासून अंगात, आणि रोग दिसतो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. मित्राच्या आईने बेचाळिसाव्या वर्षापर्यंत शिवणयंत्राच्या सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवला. तेवढी वर्षे घर कोणी सांभाळले?

पाठराखिणींचा त्यात वाटा असावा. १९९९ साली अशाच एका भावंडरोगाचे प्रथिन फळमाशीच्या डोळ्यात घालून पाहिले. डोळा झडू लागला. जोडीला पाठराखीण वाढवली तर डोळा पुष्कळ वाचला. उंदरांत मात्र तेवढे यश आले नाही. रोग्यांच्या मेंदूपेशींत या प्रथिनाचे गोळे दिसतात, तेच विष असे पुष्कळांना वाटे. २००४ साली आढळले की गोळे करणाऱ्या पेशी उलट जास्त तगतात. म्हणजे तो कचरा खरा, पण कोपऱ्यात लोटलेला! आणि २०२५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. मेंदूतल्या काही पेशींत ती तीन अक्षरे वर्षानुवर्षे वाढत जातात आणि दीडशेच्या पुढे गेली की पेशी बिघडू लागते. तेव्हा सारे श्रेय आत्याबाईंना देता येत नाही. माझी आवडती उपमा थोडी लंगडी पडली, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मित्राला हे सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, “आणि त्या दमतात का रे?”

मी म्हणालो, “वय वाढले की चटक्याला दाद देणे मंदावते म्हणतात.”

तो एकोणचाळीस वर्षांचा आहे. रक्ताच्या एका परीक्षेने त्याचे भवितव्य कळेल. वहिनींना ते कळायला हवे आहे: पैसाअडका, मुलीचे शिक्षण, सगळे वेळेवर लावता येईल. त्याला नको आहे. कळले की उरलेली चांगली वर्षे रोगाच्या आधीच संपतील, असे तो म्हणतो. मला दोघांचेही पटते आणि तसे मी दोघांनाही सांगितले, म्हणून सध्या दोघेही माझ्यावर नाराज आहेत. मुलगी अकरा वर्षांची. लक्षणे नसलेल्या मुलाची ही परीक्षा करायची नाही, सज्ञान झाल्यावर ज्याचे त्याने ठरवायचे, असा डॉक्टरांचा संकेत आहे. तेवढ्या एका बाबतीत त्या घरात वाद नाही.