हवा टिकते, टायर टिकेलच असं नाही

पावसाळा सरला की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आम्हा टायरवाल्यांकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. पहिली, खड्ड्यांनी बेजार झालेली. दुसरी, थंडीत गाडी रेसिंग ट्रॅकवर न्यायचा बेत आखलेली. काही वेळा दोन्ही प्रकार एकाच माणसात असतात, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

नाशिकला सर्किट नाही. इथली हौशी मुलं कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जातात. बहुतेकांची गाडी रोजचीच आणि टायरही रोजचेच. त्यात गैर काही नाही. चांगल्या अवस्थेतला साधा टायरसुद्धा नवशिक्याला ट्रॅकवर बरंच शिकवतो. पण हा टायर चार महिने पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यांवर आपटलेला असतो. सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांच्या कडांनी त्याला ठोसे दिलेले असतात. मग प्रश्न येतो, "काका, हवा तर अजिबात कमी होत नाही. चालेल ना?"

या प्रश्नातच गैरसमज आहे. टायरमध्ये हवा धरून ठेवणारा थर वेगळा आणि ओझं पेलणारा सांगाडा वेगळा. रेडियल टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पॉलिस्टरसारख्या धाग्यांचे पदर असतात. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, वळणाचा ताण हे सगळं ताणलेले धागे आणि तारा सहन करतात. हवा मात्र सर्वांत आतल्या पातळ रबरी अस्तरामुळे टिकते. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की साईडवॉल ती कडा आणि रिम यांच्यात चेपली जाते आणि आतले धागे तुटतात. अस्तर शाबूत राहिलं तर गेज ३३ पीएसआयच दाखवतो. धागे तुटल्याची खबर गेजला लागतच नाही.

कधी काही दिवसांनी त्या जागी फुगा येतो. साईडवॉलवर फुगा आलेला टायर ट्रॅकवरच काय, भाजी आणायलाही वापरू नये. त्याला दुरुस्ती नाही. उलट साईडवॉलवर आत गेलेली उभी, पुसट खळी दिसली तर घाबरू नका; धाग्यांच्या पदराचा जोड असतो तिथे तशी खळी दिसते. हात फिरवून पाहा. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेलं बहुधा निरुपद्रवी.

शहरात महिनोन्महिने निभावलेली इजा ट्रॅकवर अर्ध्या तासात का उघडी पडते? पहिलं कारण वेग. वेग दुप्पट झाला की टायरला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. अशोक स्तंभ ते सोमेश्वर ताशी ४० ने जाणारा टायर सरळ पट्ट्यात १६० ला पोहोचला, तर हा जोर सोळापट होतो. दुसरं कारण वळणं. गाडीचं ओझं बाहेरच्या दोन चाकांवर ढकललं जातं, टायर खांद्यावर लोळतो आणि साईडवॉल पिळली जाते. तिसरं कारण उष्णता. पुन्हा पुन्हा वाकणारं रबर तापतं, तापलं की थरांची एकमेकांवरची पकड सैल होते. पट्ट्याखाली शिरलेलं पाणी, गंजलेली तार, तुटलेला धागा, जिथे कमजोरी असेल तिथूनच टायर उकलतो.

याचे मोठे दाखले फॉर्म्युला वनमध्येच आहेत. जून २००५ मध्ये इंडियानापोलिसला सरावात राल्फ शूमाकरची गाडी कललेल्या तेराव्या वळणावर मागचा डावा टायर निकामी होऊन भिंतीवर आदळली. आपले टायर तिथे सुरक्षित नाहीत असं मिशेलिनने स्वतःच संघांना कळवलं. शर्यतीच्या दिवशी मिशेलिनचे टायर असलेल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर पिटमध्ये परतल्या आणि फक्त सहा गाड्या धावल्या. आपला नारायण कार्तिकेयन त्या सहांत होता. तो चौथा आला. प्रेक्षक संतापले, पण त्या १४ गाड्यांचं परत फिरणं मला आजही योग्य वाटतं. पुढे २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला एकाच शर्यतीत अनेक गाड्यांचे टायर फाटले. पिरेलीने सांगितलेली कारणं होती कमी हवा, टोकाचा कॅम्बर (चाकाचा कल), ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर जोरात चढणं आणि मागच्या टायरांची डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल. या चारही गोष्टी आपल्या साध्या गाडीतही घडतात.

म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीची तपासणी मी चाक उतरवूनच करतो. गाडीखालची, आतली बाजू आधी. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीची बाहेरची नक्षी छान दिसते आणि आतल्या खांद्याला तार उघडी पडलेली असते. चिरा पाहतो. वरवर ओरखडा असेल तर ठीक, आत धागा दिसला की टायर बाद. कायद्याला नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण त्या हद्दीवरचा टायर ट्रॅकवर नेऊ नये, तापून झिजायला त्याच्याकडे काही शिल्लक नसतं. चार आकडी शिक्का वाचतो: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. सहा वर्षं उलटलेला, बारीक भेगा पडलेला टायर नक्षी भरपूर असली तरी मी नाकारतो.

मग टायर रिमवरून काढतो. हा खर्च अनेकांना जास्तीचा वाटतो, पण सगळ्यांत घातक इजा इथेच सापडते. कमी हवेवर काही किलोमीटर चाललेला टायर पुन्हा हवा भरली की बाहेरून धडधाकट दिसतो. आत मात्र काळ्या रबराचा भुगा पडलेला असतो आणि साईडवॉलवर गोल वळ उमटलेला असतो. असा टायर थेट भंगारात.

पंक्चरचं काय? नक्षीच्या मधल्या भागातलं, सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक आतून मशरूम पॅच लावून नीट बुजवलं असेल तर तो टायर रस्त्यासाठी चांगला. बाहेरून कोंबलेली चिकट दोरी घरापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. खांद्यावरचं किंवा साईडवॉलवरचं पंक्चर काढूच नये. आणि ट्रॅकसाठी माझा नियम आणखी कडक आहे: दुरुस्त केलेला टायर, कितीही छान केलेला असो, तिथे नको. तो स्टेपनीत ठेवा.

टायर ठीक ठरला तरी रिमची आतली कड, तडे, रबरी वॉल्व्ह पाहायचेच. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळायचे आणि पहिल्या फेऱ्यांनंतर चाक निवलं की पुन्हा तपासायचे. हवेचा हिशेबही समजून घ्या. ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला की दाब चाळिशीजवळ जातो. गरम असताना हवा काढली असेल, तर परतीच्या प्रवासाआधी थंड टायरमध्ये ती पुन्हा भरा. नाहीतर ट्रॅकवर वाचलेला टायर समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने, कमी हवेवर तापत राहील.

नवा टायर घ्यायची वेळ आली तर जोडीने घ्या, एका ॲक्सलवर दोन्ही सारखेच. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो. शंभर-दीडशे किलोमीटर सौम्य चालवल्यावरच त्याची पकड खरी होते.

सातपूरच्या कारखान्यात टायर बनतात, त्यामुळे नाशिककरांना टायर नवा नाही. त्याला आतून पाहायची सवय मात्र आपल्याला लावून घ्यायची आहे. ट्रॅकवर तुमच्या मागे दुसरी गाडी असते, वळणावर झेंडा घेऊन उभा माणूस असतो. फाटलेल्या टायरची किंमत त्यांनाही मोजावी लागू शकते. तेव्हा तारीख मनात आली की पंधरा दिवस आधी चारही चाकं उतरवा, टायर आतून बघून घ्या आणि मगच ट्रॅकचे पैसे भरा.