बाटलीत काय आहे?

‘मॅडम, ये बॅग आपकी है?’

क्रूझवर पाऊल ठेवण्याआधी कानावर पडावं असं हे वाक्य नक्कीच नाही. बॅलार्ड पिअरचं टर्मिनल, मागे भलीमोठी रांग, रांगेतले सगळे गॉगल, हॅट, फुलाफुलांचे शर्ट अशा हॉलिडे मूडमध्ये, आणि एक्स-रे मशीनच्या पलीकडे आमची निळी बॅग तेवढी बाजूला काढून ठेवलेली.

बॅग आमचीच होती. माझ्या दोन जीन्सच्या गुंडाळीत नाशिकच्या शिराझची एक बाटली होती, हेही मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बॅगेत बाटल्या दोन होत्या.

पण जरा मागे जाऊन सांगते.

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. साडी, घड्याळ, हॉटेलातलं जेवण हे सगळं आधीच देऊन झालेलं. म्हटलं, या वेळी काहीतरी सॉल्लिड करू या. मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं तिघांचं बुकिंग केलं. आईने आधी किंमत विचारली, मी अर्धीच सांगितली, तरी तिने ‘एवढे?’ म्हटलंच. बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला. ‘बोट रात्री जाणार की दिवसा?’ मला वाटलं, झोपेचं टेन्शन असेल.

माझं टेन्शन वेगळं होतं. जहाजावर वाइनचा एक ग्लास कितीला पडतो ते मी पाहिलं होतं. तेवढ्या पैशात आपल्याकडे जवळजवळ अख्खी बाटली येते. मग रीतसर रिसर्च सुरू केला. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, वर्षाआड क्रूझ करतो. तो म्हणाला, ‘अगं, आमच्याकडे बिनधास्त नेतात. माणशी एक बाटली, ७५० मिलिलिटरची, सीलबंद. हँडबॅगेतून, आणि तीही चढायच्या दिवशी. फक्त डायनिंग रूममध्ये उघडलीस तर कॉर्केज पडतं.’

कॉर्केज म्हणजे आपलीच बाटली आपल्यालाच उघडून देण्याची फी. तिकडे ती साधारण १५ ते २० डॉलर असते. व्हिस्की, व्होडका वगैरे मात्र अजिबात नाही. बंदरावर विकत घेतलीत तरी चढताना काढून घेतात आणि प्रवास संपला की परत देतात. त्यामुळे लोकही एकेक डोकं लढवतात. माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घातलेली व्होडका काय, शाम्पूच्या बाटलीत रम काय! खास त्यासाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्याही मिळतात म्हणे.

कंपन्या एवढ्या कडक का, याचं कारण सुरक्षेइतकंच हिशेबाच्या वहीतही आहे. मोठ्या अमेरिकन क्रूझ कंपन्यांच्या कमाईतला साधारण तिसरा हिस्सा तिकिटातून येत नाही. तो जहाजावर चढल्यानंतर आपण जे खर्च करतो त्यातून येतो. बार, कॅसिनो, स्पा, सहली. तिकीट स्वस्त वाटतं ते याच भरवशावर. तुम्ही स्वतःची बाटली नेलीत की त्यांचं गणित बिघडलं.

आमच्या कंपनीने मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, की बाहेरचं खाणंपिणं चालणार नाही. मी ते वाचलं, आणि मग आपण सगळे जे करतो तेच केलं. ‘असं लिहायलाच लागतं गं, बघत कोण नाही,’ असा सल्ला देणारी ऑफिसमधली एक कलीग शोधून काढली. आता विचार करते तेव्हा हसू येतं. ज्या राज्यात १९४९च्या कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, तिथे मी जहाजवाल्यांच्या नियमाला काय भीक घालणार होते!

तर, मशीनपाशी.

सिक्युरिटीवाल्या साहेबांनी बॅग उघडली. जीन्समधून माझी बाटली निघाली. मी चेहऱ्यावर ‘अय्या, ही कशी आली?’ असा भाव आणला. तो कुणालाही पटला नाही. मग त्यांनी बाबांचा जुना पंचा उलगडला आणि त्यातून दुसरी बाटली बाहेर आली. तीच शिराझ. तेच लेबल, फक्त अर्धं सोललेलं. तेच आट्याचं झाकण, पण सील नाही. आत गडद लाल, जवळजवळ काळं काहीतरी.

‘काका, यात काय आहे?’

‘आगळ,’ बाबा म्हणाले.

‘वाइन?’

‘अहो, वाइन नाही. आगळ. रातांब्याचं. घरचं आहे.’

मागची रांग आता इंटरेस्ट घेऊन बघू लागली होती. एका मुलीने मोबाइल वर केल्याचंही मला दिसलं. आणि माझं डोकं फिरलं. ‘काय हे बाबा! आगळ कशाला आणायचं? दादरला कुठल्याही कोकणी दुकानात मिळतं! सगळीकडे तुमचं आपलं घरचं घेऊन निघायचं! ट्रेनमध्ये घरचं, विमानात घरचं, आता इथेही!’

बाबा काहीच बोलले नाहीत. आई माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

साहेबांनी झाकण फिरवलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. ‘माझी आई मालवणची,’ ते मराठीत म्हणाले. ‘मला नाकाला कळलं काय आहे ते. पण काका, बाटली वाइनची, लेबल वाइनचं, सील नाही. मी कागदावर काय लिहू?’ शेवटी त्यांनी लिहिलं, ‘वाइन बॉटल, नग दोन’. दोन्ही बाटल्यांना टॅग लागले आणि परतल्यावर घेऊन जा म्हणून पावती मिळाली. नियमाप्रमाणे त्यांनी केलं ते बरोबरच होतं. वर बोलले गोड.

बाबांनी पावती दोनदा वाचली. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या नावावर वाइनच्या दोन बाटल्या! एरवी मी यावर हसून लोळले असते.

संध्याकाळी जहाज सुटलं. स्विमिंग पूल, डीजे, बुफे, सगळं होतं तसं झकास होतं. मुंबईचे दिवे मागे पडले, मोबाइलची रेंज गेली. रात्री साडेबाराला मला जाग आली तर बाबांचा पलंग रिकामा. वर डेकवर गेले तर आई-बाबा दोघंही कठड्याशी उभे, किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून. आईने बाबांच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली होती.

‘तो टोळकेश्वरचा,’ बाबा मागे न बघताच म्हणाले. दूर एक दिवा चमकून विझत होता. बऱ्याच वेळाने, खूप दक्षिणेला, दुसरा दिसू लागला. ‘आणि तो जयगडचा. या दोघांच्या मधे जो काळोख आहे ना, ते आपलं हेदवी.’

हेदवी तुम्हाला माहीत असेल ते दशभुज गणेशामुळे. नाहीतर बामणघळीमुळे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद भेग आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कारंजासारखं वर उसळतं. गुहागरला आलेले टुरिस्ट दोन्हीकडे फोटो काढून वेळणेश्वरला जेवायला जातात. आमचं मात्र तिथे घर आहे. आजोबांचं, मग काकांचं, आणि काका गेल्यावर काकूचं. ती एकटीच राहायची तिथे. गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, काकू गेली.

आणि मग बाबांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. विचारलंच नव्हतं, हे जास्त खरं.

१९६७ साली बाबा दहा वर्षांचे होते. शिकायला म्हणून त्यांना गिरगावात मामाकडे पाठवायचं ठरलं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. हेदवीहून बैलगाडीने तवसाळ, खाडीतून तरीने जयगड, तिथून पडावात बसून आत उभ्या असलेल्या बोटीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी भाऊचा धक्का. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असायची. डेकवर जागा मिळेल तिथे वळकटी सोडायची. बरोबर काय न्यायचं याला काही नियम नव्हता. दशम्या, फणस, नारळाचं पोतं, कुणाची कोंबडीसुद्धा. पुढच्या काळात चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ चालायच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ती बोटसेवाही थांबली.

‘वहिनी तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती,’ बाबा म्हणाले. ‘असेल अठराची. निघताना तिने टॉनिकच्या बाटलीत आगळ भरून दिलं. म्हणाली, भावजी, बोट लागली तर पाण्यात घालून दोन घोट घ्या. मला बोट लागलीच. हर्णै येईपर्यंत बाटली संपली. बाटली मात्र मी टाकली नाही. मामीकडे खूप वर्षं होती ती.’

बोट लागणे. ‘सीसिक’ म्हणणाऱ्या माझ्या पिढीला हा शब्दही आता परका आहे.

‘हे आगळ तिने मे महिन्यात केलेलं. शेवटचं. म्हटलं, बोट हेदवीवरून जाईल तेव्हा आपण दोघं एकेक ग्लास घेऊ. बाकी काही नाही.’

म्हणून तो प्रश्न होता. बोट रात्री जाणार की दिवसा.

मी कठड्याला धरून उभी राहिले. दुपारचं माझं ‘दादरला मिळतं’ मला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

आणि ती बाटली? ती माझीच होती. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही चुलत भावंडं हेदवीला जमलो होतो. मोठी झोपल्यावर आम्ही मागच्या पडवीत गुपचूप शिराझ उघडली. सकाळी मी रिकामी बाटली ओढणीत लपवून टाकायला निघाले, तर विहिरीपाशी काकू उभी. मी मेलेच! तिने हात पुढे केला, बाटली घेतली, उजेडात धरून बघितली. ‘काच जाड आहे गो. झाकणही आट्याचं. टाकू नको, आगळाला बरी.’ बस, एवढंच. आत काय होतं, हे तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. पुढच्या वेळी मी निघताना फक्त म्हणाली, ‘तसल्या आणखी असतील तर आण.’

गोव्याहून परतून मुंबईत उतरलो तेव्हा पावती दाखवून ‘वाइन बॉटल, नग दोन’ ताब्यात घेतल्या. बाहेर टॅक्सी मिळेना. बाबांनी पाण्याची बाटली काढली, आगळाचं झाकण फिरवलं आणि तिथेच, बॅगांवर बसून, कागदी कपात तिघांना ओतलं. आगळात मीठ भरपूर असतं आणि आमच्याकडे साखर नव्हती. खारट-आंबट, जिभेला झिणझिण्या आणणारं. आईने डोळे मिटून एका दमात संपवलं. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

‘बाबा, सॉरी,’ मी म्हटलं.

‘अगं, रंग तर एकच होता,’ बाबा म्हणाले. ‘त्या बिचाऱ्याची काय चूक?’ मी कशाबद्दल सॉरी म्हटलं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

जानेवारीत आम्ही हेदवीला गेलो. घराचं काय करायचं ते ठरवायला. मी गाडी चालवत होते. दापोलीवरून खाली उतरून दाभोळच्या फेरीबोटीत गाडी घातली, पलीकडे धोपाव्याला उतरलो. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला फारसा वेळ लागत नाही. गाडीत आईने बांधलेला डबा होता, बाबांचा थर्मास होता आणि माझी ती शिराझही होती, टॅगसकट. कुणी विचारलं नाही की बरोबर काय आहे.

रात्री मी ती पडवीत उघडली. या वेळी समोर, आई-बाबांच्या देखत. बाबांनी ग्लासाचा वास घेतला, नाक मुरडलं आणि आगळ मागितलं. त्यातलं तळाला थोडं उरलं होतं, ते त्यांनी पुरवून पुरवून प्यायलं. घराबद्दल मात्र त्या रात्री कुणीच काही बोललं नाही.

सकाळी स्वयंपाकघराच्या फळीवर मला त्या दिसल्या. पाच बाटल्या, स्वच्छ धुऊन, उलट्या वाळत घातल्यासारख्या. एकीवर नाशिकचं लेबल अजून चिकटलेलं. झाकणं वेगळी, एका डब्यात. सगळ्या मीच आणून दिलेल्या, पुढच्या आगळासाठी काढून ठेवलेल्या.

मागच्या परसात रातांब्याची दोन झाडं आहेत. शेजारच्या आजींना विचारलं, आगळ कसं करतात. त्या म्हणाल्या, सालं काढायची, मीठ घालायचं, रोज हलवायचं, घाई करायची नाही. मे महिन्यात ये, दाखवते.

मेमध्ये दहा दिवसांची रजा टाकली आहे. बॉसने विचारलं, कुठे, पुन्हा क्रूझ का? मी म्हटलं, नाही, रातांबे.